उशिरा येणाऱ्या उत्तराची तालीम

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात, सुमारे ६२५ चौरस किलोमीटरच्या जंगलात, वनरक्षक पहाटे गस्तीला निघतो तेव्हा त्याच्या हातात काठी असते आणि खिशात फोन. पाणवठ्याकाठच्या ओल्या मातीत पगमार्क दिसला, खोडावर नखांचे ओरखडे दिसले, एखाद्या वाटेवर तारेचा फासा सापडला, की तो तिथेच फोनवर नोंद करतो. फोन त्या जागेचे अक्षांश-रेखांश आणि वेळ टिपतो. रेंज मात्र नसते. नोंद फोनच्या पोटात बसून राहते आणि संध्याकाळी संरक्षण कुटीवर किंवा परिक्षेत्र कार्यालयाच्या आसपास रेंजच्या दोन काड्या दिसू लागल्या, की दिवसभराचं साठलेलं एकदम बाहेर पडायला धावतं. ती दहा-पंधरा मिनिटं फार नाजूक असतात. काही नोंदी जातात, काही अर्ध्या वाटेत अडकतात, काही पोचतात पण पोचल्याचा निरोप परत येत नाही. ज्यांनी हे ॲप लिहिलं ते पुण्यात, नागपुरात किंवा हैदराबादेत फायबरच्या जोडणीवर बसलेले असतात. त्यांच्या टेबलावर मागणी आणि उत्तर यांच्यामध्ये डोळ्याचं पातंही लवत नाही. जंगलातली संध्याकाळ त्यांनी टेबलावर कशी उभी करायची, हा या लेखाचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर मला तरी एका साध्या, थोड्या जुनाट वाटणाऱ्या सवयीत दिसतं. असिंक्रोनस कोडची युनिट टेस्ट करायची असेल, तर समोरच्या सर्व्हरचा तोतया, म्हणजे मॉक, स्वतःच्या हातानं लिहावा.

चूक झाली तर काय बिघडतं, ते आधी पाहू. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था यांनी एम-स्ट्राइप्स ही गस्त-नोंदींची व्यवस्था २०१० मध्ये आणली आणि २०१८च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत तिचं मोबाइल ॲप वनरक्षकांच्या हाती आलं. त्या गणनेत १४१ ठिकाणच्या जंगलांत मिळून २६,८३८ जागी कॅमेरे लावले गेले. त्यांनी ३ कोटी ४८ लाखांवर छायाचित्रं टिपली. त्यांपैकी वाघांची ७६,६५१ होती आणि बिबट्यांची ५१,७७७. एवढ्या ढिगातून शेवटी २,४६१ वेगवेगळे वाघ ओळखले गेले, तेही पट्ट्यांवरून, कारण माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे. एकच वाघ दोनदा मोजला जाऊ नये, हीच या शास्त्राची सगळ्यात मोठी काळजी. मग तीच काळजी नोंदींच्या बाबतीतही घ्यायला हवी. एक नोंद दोनदा पोचली तर नियतक्षेत्रात एक फासा होता की दोन, हे कळत नाही. नोंद हरवली तर फासा नव्हताच असं कागद सांगतो. आरोग्याच्या नोंदींत तर हे जिवावर बेतू शकतं. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेनं घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा जो प्रयोग केला आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडला, तो ३९ गावांत प्रत्यक्ष सेवा आणि ४७ गावांशी तुलना अशा बेताचा होता. त्यातून नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आल्याचं दिसलं. एवढ्या लहान लोकसंख्येत जन्म-मृत्यूची एकेक नोंद जपावी लागते. ते काम तेव्हा कागदावर होतं. आज अशा नोंदी फोनवरून होतात, आणि नोंद दोनदा मोजणं किंवा गाळणं या चुका आता कोडमध्येही शिरू शकतात.

असिंक्रोनस कोड म्हणजे मागणी करून मोकळं होणारा कोड. साधा कोड दुकानदारापुढे उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकासारखा असतो, वस्तू हातात पडेपर्यंत हलत नाही. असिंक्रोनस कोड पत्र टाकून घरी येतो आणि बाकीची कामं करू लागतो. उत्तर आलं की अर्धवट राहिलेलं पुढे नेतो. ही सोय मोठीच आहे, कारण नाहीतर सर्व्हरची वाट पाहताना फोनचा पडदा गोठून बसेल. पण पत्रव्यवहारात जे होतं ते सगळं इथेही होतं. पत्र जातानाच हरवतं, किंवा पत्र पोचतं आणि उलट टपाल हरवतं, किंवा दुसऱ्या पत्राचं उत्तर पहिल्याच्या आधी येतं, किंवा आपण कंटाळून पुन्हा पत्र टाकतो आणि मग दोन्हींची उत्तरं एकदम दारात येतात. पाठवणाऱ्याला पहिल्या दोन प्रकारांत काहीच फरक दिसत नाही. दोन्ही वेळा शांतता. दोन टेकड्यांवरचे दोन सेनापती मधल्या दरीतून जासूद धाडून हल्ल्याची वेळ ठरवू पाहतात आणि जासूद वाटेत पकडला जाऊ शकतो, हे कोडं संगणकशास्त्रात १९७५ पासून आहे. निरोपांची कितीही देवाणघेवाण झाली तरी दोघांनाही पक्की खात्री होऊ शकत नाही, हे सिद्ध झालेलं आहे. म्हणजे गडचिरोलीतल्या भामरागडच्या आशा कार्यकर्तीच्या फोनला ‘पोचलं की नाही’ हे नेहमी कळेलच असं कुठलंही ॲप लिहिता येणार नाही. कळलं नाही तरी नुकसान होणार नाही, एवढं मात्र लिहिता येतं. ते तसं लिहिलं आहे की नाही, हे टेस्टनं दाखवायचं.

मॉकची कल्पना आता पाव शतकाची झाली. २००० साली सार्डिनियात भरलेल्या एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगच्या परिषदेत टिम मॅकिनन, स्टीव्ह फ्रीमन आणि फिलिप क्रेग यांनी ती निबंधाच्या रूपात मांडली. २००७ मध्ये जेरार्ड मेसारोस यांनी या सगळ्या तोतयांना ‘टेस्ट डबल’ असं एक नाव दिलं आणि त्यांत पोटभेद केले. नुसती जागा भरणारा डमी, ठरलेलं उत्तर देणारा स्टब, काय विचारलं गेलं ते लिहून ठेवणारा स्पाय, अपेक्षेप्रमाणे विचारलं गेलं नाही तर स्वतःच टेस्ट पाडणारा मॉक, आणि साधं पण खरोखर चालणारं रूप असलेला फेक. रोजच्या बोलण्यात सगळ्यांनाच मॉक म्हणतात, आणि या लेखातही तो शब्द तसाच सैल वापरला आहे. वडसा-देसाईगंजच्या झाडीपट्टी नाटक मंडळ्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ही गोष्ट समजावून सांगायची गरजच नाही. तालमीला एखादा नट आलेला नसतो, तेव्हा त्याची वाक्यं दुसराच कुणीतरी वाचतो, म्हणजे बाकीच्यांची तालीम अडत नाही. हा वाचणारा म्हणजे स्टब. मात्र तो वाक्यं कशी वाचतो यावर तालमीचा कस ठरतो. त्यानं प्रत्येक वाक्य क्षणात, न चुकता, न थांबता वाचलं, तर समोरच्या नटाला फक्त आपली वाक्यं पाठ होतील. खेळाच्या रात्री समोरचा नट दोन श्वास थांबला, पुढचं वाक्य आधी बोलला, किंवा प्रवेशच चुकला, तर काय करायचं याची तालीम झालेलीच नसेल. असिंक्रोनस कोडच्या टेस्टमध्ये बहुतेक ठिकाणी हेच होतं. तोतया फार चोख असतो.

हे मत म्हणून सांगत नाही, त्याला पुरावा आहे. इलिनॉय विद्यापीठातल्या चार संशोधकांनी २०१४ मध्ये अपाची फाउंडेशनच्या ५१ प्रकल्पांच्या इतिहासातून ‘लहरी’ टेस्टच्या दुरुस्त्या शोधून काढल्या. लहरी म्हणजे कोडमध्ये काहीही न बदलता कधी पास, कधी नापास होणाऱ्या. कारणांची वर्गवारी केली तेव्हा जवळजवळ निम्म्या, सुमारे ४५ टक्के, लहरी टेस्टचं मूळ एकाच जागी सापडलं. असिंक्रोनस काम सुरू करून ते संपायची नीट वाट न पाहणं. त्याखालोखाल एकाच वेळी चालणाऱ्या कामांची आपसातली टक्कर होती, सुमारे २० टक्के. गूगलनं २०१६ मध्ये आपल्या टेस्टविषयी सांगितलं, की सुमारे १६ टक्के टेस्टमध्ये कुठला ना कुठला लहरीपणा आहे. ज्या कंपनीकडे मनुष्यबळ आणि यंत्रबळ यांची ददात नाही तिथे ही गत. लहरी टेस्टचा खरा तोटा वाया जाणाऱ्या वेळेपेक्षा मोठा असतो. माणसं तिच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतात. ‘ती अशीच कधीतरी पडते, पुन्हा चालवा’ हे वाक्य एकदा खोलीत रुळलं, की खरी चूकही त्याच वाक्यानं दारातून आत येते. आणि या लहरीपणाचं सगळ्यात ओळखीचं चिन्ह म्हणजे टेस्टमध्ये घातलेली झोप. मागणी करा, दोन सेकंद झोपा, मग उत्तर आलं का पाहा. दोन सेकंद का? लिहिणाऱ्याच्या यंत्रावर तेवढे पुरले म्हणून. दुसऱ्या, थकलेल्या यंत्रावर ते पुरत नाहीत, आणि पुरतात तेव्हाही शंभर टेस्टचे दोनशे सेकंद फुकट जातात.

आता हाताने लिहिलेला मॉक जवळून पाहू. ॲपमध्ये सर्व्हरशी बोलणारा एक भाग आहे असं धरा, त्याला ‘दूत’ म्हणू. दूताकडे एकच काम: ‘पाठव’. त्याला नोंद द्यायची, तो लगेच एक वचन हातात ठेवतो. भाषेनुसार त्याला प्रॉमिस म्हणा, फ्यूचर म्हणा. वचन नंतर कधीतरी पुरं होतं किंवा मोडतं. खरा दूत इंटरनेटवर जातो. आपला तोतया दूत कुठेच जात नाही. त्याच्याजवळ दोन याद्या असतात. ‘पाठव’ म्हटलं की तो नोंद आणि तिचं अपुरं वचन पहिल्या यादीत ठेवतो, वचनाची प्रत मागणाऱ्याला देतो आणि गप्प बसतो. स्वतःहून तो कधीच उत्तर देत नाही, आणि हाच या तोतयाचा प्राण आहे. उत्तर कधी, कुठल्या क्रमानं आणि कसं द्यायचं याचे दोर टेस्टच्या हातात असतात: ‘तिसऱ्या मागणीला होकार दे’, ‘पहिलीला नकार दे’, आणि सगळ्यात मोलाचा तिसरा दोर, ‘नोंद सर्व्हरच्या वहीत लिही, पण उत्तर वाटेत तोड’. सर्व्हरची ही वही म्हणजे दुसरी यादी. हे सगळं कुठल्याही चालू भाषेत चाळीस-पन्नास ओळींत बसतं. वाचणाऱ्याला त्यासाठी वेगळं ग्रंथालय, म्हणजे तयार कोडची लायब्ररी, शिकावं लागत नाही, आणि सहा महिन्यांनी नवीन आलेल्या मुलालाही तो दहा मिनिटांत कळतो.

या तोतयावर लिहिलेली एक टेस्ट सगळी सांगतो, कारण तिच्यात या विषयाचं मर्म आहे. वनरक्षकानं फाशाची एक नोंद केली. ॲपनं ती दूताकडे दिली. तोतयानं ती धरून ठेवली. या क्षणी टेस्ट विचारते: पडद्यावर ‘पाठवायची बाकी’ असंच दिसतंय ना, घाईनं ‘पाठवली’ असं तर नाही? मग टेस्ट तिसरा दोर ओढते: नोंद वहीत लिहिली गेली, उत्तर मात्र तुटलं. ॲपनं नोंद फोनमधून पुसली नाही ना, हे पाहायचं. थोड्या वेळानं ॲप पुन्हा पाठवतं, तोतया या वेळी नीट होकार देतो. शेवटचा प्रश्न: सर्व्हरच्या वहीत फासे किती? ॲप भाबडेपणानं लिहिलेलं असेल तर उत्तर येतं दोन, आणि टेस्ट पडते. पडायलाच हवी. मग लिहिणाऱ्याला उमगतं, की प्रत्येक नोंदीला ओळख-क्रमांक सर्व्हरनं देऊन चालणार नाही, तो जंगलातच, नोंद होताक्षणी, फोननं द्यायला हवा. पुन्हा पाठवताना तोच क्रमांक जायला हवा, आणि सर्व्हरनं ओळखीच्या क्रमांकाची नोंद दुसऱ्यांदा न लिहिता फक्त ‘मिळाली’ म्हणायला हवं. हा रचनेतला बदल आहे, तो शेवटच्या आठवड्यात करता येत नाही. पन्नास ओळींच्या तोतयानं तो पहिल्याच आठवड्यात पुढे आणला. त्याच तोतयाकडून उलट्या क्रमाचीही टेस्ट होते: दोन नोंदी पाठवल्या, दुसरीला आधी होकार दिला, तर ॲप पहिलीवरच ‘पाठवली’चा शिक्का मारत नाही ना? ताडोबाच्या बफरमधल्या सीतारामपेठ गावात वाघ दिसताच गावकऱ्यांना सावध करणारी, कॅमेऱ्यांची ‘आभासी भिंत’ उभी झाली आहे. अशा कुठल्याही व्यवस्थेत ‘आला’ आणि ‘गेला’ हे दोन इशारे उलट क्रमानं पोचले, तर शेताकडे निघालेल्या माणसाला काय कळेल याचा विचार करा. असा प्रसंग खऱ्या वाघावर अवलंबून राहून तपासता येत नाही. तोतयाकडून तो रोज शंभरदा घडवता येतो.

दूताइतकाच महत्त्वाचा दुसरा तोतया म्हणजे घड्याळ. ॲप तीस सेकंद वाट पाहून पुन्हा पाठवतं, मग एक मिनिट, मग दोन. हे तपासायला खरी साडेतीन मिनिटं कुणी थांबणार नाही, आणि म्हणून ते बहुधा तपासलंच जात नाही. कोड थेट यंत्राचं घड्याळ न पाहता हातात दिलेलं घड्याळ पाहत असेल, तर टेस्ट काटे स्वतः पुढे सरकवते आणि तेच एका क्षणात उरकतं. गडचिरोलीत बाळाचे श्वास मोजण्यासाठी ‘सर्च’नं जे साधन बनवलं ते इथे आठवतं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या ओळी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया समजायचा. मोठे आकडे मोजता न येणाऱ्या दायांना त्यावर निदान करता आलं. कारखान्यात तयार झालेलं, अधिक अचूक स्टॉपवॉच त्यांच्या हाती देता आलं असतं, पण त्यानं काम झालं नसतं. ज्या परिस्थितीत मोजायचं आहे तिच्या मापानं बेतून ते साधन बनवलं होतं. हाताने लिहिलेल्या मॉकची बाजू मी याच कारणासाठी घेतो.

पहिला आक्षेप जाणकारांकडून येतो: हे सगळं तयार ग्रंथालयांत असताना हातानं का लिहायचं? आक्षेप वजनदार आहे. पायथॉनमध्ये २०१९च्या ३.८ आवृत्तीपासून असिंकमॉक भाषेबरोबरच मिळतो. त्याआधी तिथला नेहमीचा मॉक असिंक्रोनस कोडला चालतच नव्हता आणि लोक आपापला लिहीतच होते. जावास्क्रिप्टमध्ये जेस्टचे नकली टायमर आहेत, कोटलिनच्या कोरुटीनच्या टेस्ट-ग्रंथालयात आभासी वेळ आहे. घड्याळाच्या बाबतीत मी तयार साधनं आनंदानं वापरीन, ती उत्तम आहेत. पण दूताच्या जागी असिंकमॉक ठेवला की काय होतं ते नीट पाहा. त्याला उत्तर सांगून ठेवलं की तो ते तत्काळ देतो. कोडमध्ये वाट पाहण्याची आज्ञा असते, पण प्रत्यक्षात वाट पाहिलीच जात नाही, इव्हेंट लूपला, म्हणजे कामं आळीपाळीनं पुढे नेणाऱ्या यंत्रणेला, मध्ये एकदाही पाळी मिळत नाही. म्हणजे दोन कामं एकमेकांत मिसळण्याची जी फट जंगलात पडते ती टेस्टमध्ये पडतच नाही. टेस्ट हिरवी होते, आणि असिंक्रोनस कोडचा सिंक्रोनस भागच तेवढा तपासला गेलेला असतो. यावर कुणी म्हणेल, की असिंकमॉकला उत्तराऐवजी आपलं असिंक्रोनस फंक्शन देता येतं आणि त्यात हवं तसं थांबता येतं. खरं आहे. पण ते फंक्शन म्हणजेच हाताने लिहिलेला मॉक. वादाचा मुद्दा ग्रंथालय वापरावं की नाही हा नाही, थांबवण्याचा आणि सोडण्याचा दोर कुणाच्या हातात आहे हा आहे.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. तोतया हा तोतयाच. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला तेव्हा त्याला खरा मानणारे कमी नव्हते. आज लिहिलेला तोतया दूत आजच्या सर्व्हरसारखा वागतो. उद्या सर्व्हर बदलला, ओळखीच्या क्रमांकाला ‘मिळाली’ म्हणण्याऐवजी चूक म्हणू लागला, तर तोतयावरच्या सगळ्या टेस्ट हिरव्याच राहतील आणि गडचिरोलीतल्या एटापल्लीच्या फोनवर ॲप पडेल. हे घडतं, आणि म्हणूनच गूगलच्या अभियंत्यांनी २०२० मध्ये पुस्तकरूपानं आपला अनुभव मांडताना जिथे परवडेल तिथे खरी वस्तूच वापरा, नसेल तर खरोखर चालणारा फेक वापरा, आणि अपेक्षा टिपून बसणारे मॉक सगळ्यात शेवटी, असा क्रम सुचवला. हा क्रम मला मान्य आहे, आणि वर वर्णन केलेला तोतया त्या अर्थानं फेकच्याच जवळ जातो, कारण त्याच्याकडे स्वतःची वही आहे. त्याला खरा ठेवण्याचा उपायही आहे. तोतया आणि खरा सर्व्हर या दोघांवरही तोच एक टेस्टचा संच चालवायचा. नवीन नोंद दिली तर वहीत एक वाढते, तीच पुन्हा दिली तर वाढत नाही, अर्धवट नोंद नाकारली जाते. तोतयावर हा संच दर बदलागणिक चालतो, खऱ्या सर्व्हरवर रोज रात्री एकदा. ज्या रात्री दोघांची उत्तरं वेगळी येतील तिच्या दुसऱ्या सकाळी तोतया दुरुस्त करायचा. हा संच नसेल तर हाताने लिहिलेला मॉक धोक्याचा आहे, हे मी निःसंकोच मान्य करतो. तो संच लिहायची तयारी नसेल त्यांनी मॉक लिहूच नये.

तिसरं म्हणणं रचनाकारांचं. गॅरी बर्नहार्ट यांनी २०१२ मध्ये लोकप्रिय केलेला विचार असा, की निर्णय घेणारा गाभा शुद्ध ठेवा, त्यात वाट पाहणं नको, नेटवर्क नको, घड्याळ नको. बाहेरचं कवच पातळ ठेवा. मग गाभ्याला मॉक लागतच नाहीत. हे सोन्यासारखं मत आहे आणि जितकं पाळता येईल तितकं पाळावं. नोंदीची छाननी, पुन्हा पाठवायच्या वेळेचं गणित, दोन नोंदींतला फरक, हे सगळं शुद्ध गाभ्यात ठेवता येतं. पण गस्तीच्या ॲपमध्ये कवच पातळ होतच नाही. फोनमधली न गेलेल्या नोंदींची रांग, मध्येच गेलेली बॅटरी, चालू असताना बंद केलेलं ॲप, एकाच वेळी पार्श्वभूमीत आणि पडद्यावरून सुरू झालेलं पाठवणं, हे सारं कवचातच आहे, आणि अशा ॲपचं निम्मं शहाणपण तिथेच लागतं. टोकाला जाऊन पाहायचं तर फाउंडेशनडीबी या विदागाराच्या कर्त्यांनी आधी नकली जग लिहिलं, ज्यात नेटवर्क, डिस्क आणि यंत्रं सगळीच तोतया, आणि त्या जगात पुन्हापुन्हा मोडतोड करून आपलं विदागार घडवलं. वनविभागाच्या ॲपला एवढं नको. पण दिशा तीच आहे: जे जग आपल्या ताब्यात नाही त्याची एक ताब्यात असलेली प्रत टेबलावर असली पाहिजे.

‘सरळ जंगलात जाऊनच तपासा ना’ असंही म्हटलं जातं, आणि जायलाच हवं. उन्हात पडदा वाचता येतो का, ओल्या बोटांनी कळ दाबली जाते का, माडिया बोलणाऱ्या माणसाला मराठीतली सूचना समजते का, हे कुठलाही तोतया सांगणार नाही. पण उत्तर हरवण्याचा नेमका क्षण जंगलात मागून मिळत नाही. तो आठवड्यात एकदा येतो, कुणाच्या लक्षात येत नाही, आणि आला तरी दुसऱ्यांदा तसाच घडवता येत नाही. काही जण म्हणतात, की नेट सुधारलं की हा प्रश्नच उरणार नाही. २०२२च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं नक्षलप्रभावित भागांतल्या २,३४३ ठिकाणचे टू-जी टॉवर फोर-जी करायला मंजुरी दिली, ही गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांसाठी चांगलीच गोष्ट झाली. पण ॲपला अजिबात नसलेलं नेट फारसं जड जात नाही, नोंद निमूट रांगेत बसते. जड जातं ते अर्धं असलेलं नेट, जे मागणी नेतं आणि उत्तर आणत नाही. टॉवर वाढतील तसा पूर्ण अंधाराचा प्रदेश कमी होईल आणि संधिप्रकाशाचा वाढेल. पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी गेलं की भामरागड जगापासून तुटतं, हे पावसाळ्यागणिक पाहिलेल्यांना पक्क्या तुटण्यापेक्षा अधूनमधून तुटणारा रस्ता किती अधिक फसवा असतो, हे वेगळं सांगायला नको.

उरतो खर्च. लहान चमू, तुटपुंजी मुदत, आणि वर हे तोतये कोण लिहीत बसणार? मोजून पाहिलं तर दूताचा तोतया एका दुपारचं काम आहे, घड्याळ तयार मिळतं, दोघांना जुळवणारा टेस्टचा संच आणखी दोन दिवसांचा. मात्र सगळ्याच गोष्टींचे तोतये करू नयेत. जे आपलं नाही, म्हणजे फोनच्या कंपनीचं जीपीएस ग्रंथालय किंवा नेटवर्कचं ग्रंथालय, त्याचा थेट तोतया करू नये, ही फ्रीमन आणि प्राइस यांनी २००९ मध्ये दिलेली ताकीद अजूनही लाख मोलाची आहे. त्यांच्यापुढे आपला एक पातळ दूत उभा करावा आणि तोतया त्या दूताचा करावा. खाली, खऱ्या जोडणीच्या पातळीवर, मॉकवेबसर्व्हरसारखी साधनं मध्येच जोडणी तोडून दाखवतात, ती तिथे वापरावीत. आणि टेस्ट लिहिताना शेवटी वाट पाहायला विसरू नये. असिंक्रोनस टेस्टनं आपल्याच कामाची वाट पाहिली नाही, तर तिच्यातली तपासणीची ओळ चालायच्या आधीच ती पास होऊन निघून जाते. म्हणून नवी टेस्ट लिहिल्यावर आधी कोड मुद्दाम मोडून ती लाल होते का, ते पाहावं. जी टेस्ट कधी लाल झालेली पाहिली नाही तिच्यावर भरवसा ठेवू नये.

चंद्रपूर आणि गडचिरोलीसाठी ॲप करून घेणारे वनविभाग, आरोग्य विभाग, ग्रामसभांबरोबर काम करणाऱ्या संस्था यांना कोड वाचता येण्याची गरज नाही. त्यांनी काम देतानाच्या करारात एक कलम घालावं, एवढी विनंती आहे: ‘नोंद सर्व्हरवर पोचली, उत्तर वाटेत हरवलं, ॲपनं पुन्हा पाठवलं, आणि सर्व्हरच्या वहीत ती नोंद एकदाच राहिली, हे दाखवणारी टेस्ट आमच्यासमोर चालवून दाखवा. मग कोडमधली ओळख-क्रमांकाची ओळ काढून टाका आणि तीच टेस्ट नापास होते हेही दाखवा.’ दोन्ही मिळून पाच मिनिटं लागतात.